विद्यार्थी आनंदी दिसत नाहीत

आदरणीय सुलभक महोदय,

‘आनंददायी इतिहास’ प्रशिक्षणात तुम्ही पन्नाशीच्या मास्तरांना कार्डशीटचे मुकुट घालून पानिपत लढवायला लावलंत, त्याबद्दल आभार. आमचे अब्दाली अजून गुडघा शेकताहेत. पुऱ्या गार होत्या, प्रमाणपत्रावर माझं आडनाव चुकलं, ते सोडून देतो. फोटोचं मात्र सोडणार नाही.

तुमच्या आदेशानुसार आठवीला उपक्रम घेतला. पस्तीस मिनिटांची तासिका, सत्तरेक पोरं. मैदानात चुन्यानं सीताबर्डीच्या दोन टेकड्या आखल्या, एक मोठी, एक लहान. तारीख 26 नोव्हेंबर 1817. एकीकडे इंग्रज रेसिडेंट जेनकिन्स आणि दीड हजाराच्या आतली फौज, दुसरीकडे नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांचं कितीतरी पट सैन्य, त्यात अरब. दुसऱ्या दिवशी सकाळी अरबांनी लहान टेकडी घेतली तेव्हा पोरं नाचली. ती टेकडी परत इंग्रजांकडे गेली तेव्हा एक मुलगी भडकलीच, “सर, एवढी फौज होती तं हारले काहून?” झालं, वर्ग भांडायला लागला. कुणी म्हणे आप्पासाहेबांचं मनच ठरत नव्हतं, कुणी म्हणे कवायती फौजेपुढे संख्या काय कामाची. मागून एक जण म्हणाला, “पण हे लिहून कोणी ठेवलं? इंग्रजांनीच ना?”

महोदय, बर्डीत रोज खरेदीला जाणारी ही पोरं. त्या टेकडीवर लढाई झाली होती, हेच त्यांना पहिल्यांदा कळत होतं.

घंटा होता होता फोटो काढला आणि तुम्ही दिलेल्या लिंकवर टाकला. शेरा आला: ‘विद्यार्थी आनंदी दिसत नाहीत. उपक्रम पुन्हा घ्यावा.’

कसे दिसतील? विचार करत होती ती! कपाळाला आठ्या घालून चौदा वर्षांचं पोर पुराव्यावर शंका घेतं, तेव्हा तुम्हाला त्याचे दात मोजायचे असतात? शेजारच्या शाळेचा फोटो मात्र पास झाला. थर्माकोलचा किल्ला, मागे हसरी रांग. थर्माकोलवर 2018 साली बंदी आली. किल्ले अजून त्याचेच. तो रायगड की प्रतापगड, हे ना पोरांना ठाऊक, ना लिंकला.

‘ऐतिहासिक स्थळास भेट द्या,’ असंही तुमच्या स्लाइडवर होतं. बर्डीचा किल्ला लष्कराकडे, लोकांना वर्षातून मोजक्याच दिवशी खुला, आणि त्यातल्या 15 ऑगस्टला, 26 जानेवारीला आम्ही शाळेत झेंड्याखाली. 1863 सालचं वस्तुसंग्रहालय, अजब बंगला, गावातच आहे, पण वर्ग तिथवर न्यायला जेवढे कागद लागतात, तेवढे 1854 साली नागपूर खालसा करताना डलहौसीलाही लागले नसतील.

चहाच्या वेळी तुम्ही हळूच म्हणालात, तुम्हीही चंद्रपूरला इतिहास शिकवायचात, पोरांना गोंड राजांच्या परकोटाच्या कडेनं चालत न्यायचात. चेहरा खुलला होता तुमचा. तेवढ्यात वरून फोन आला, किती टक्के फोटो झाले म्हणून. तुम्ही कप ठेवून उभे राहिलात आणि ‘हो साहेब, हो साहेब’ करत राहिलात. तेव्हा मला तुमचा राग करता येईना.

पण विचारतो. त्या परकोटाच्या फेरीचा एखादा फोटो आहे का तुमच्याकडे? नसेल, तर ती झालीच नाही असं आपल्या लिंकनं धरायचं का?

उपक्रम पुन्हा घेणार नाही. पुढच्या तासाला ‘लिहून कोणी ठेवलं’ यावर वर्ग बसणार आहे. माझ्या नावापुढे लाल खूण राहू द्या.

आपला,
इतिहासाचा एक मास्तर, नागपूर