थकबाकीची वेलांटी

आमच्या सोसायटीत 'तुम्ही कॉम्प्युटरवाले ना?' हा प्रश्न नसतो, नेमणूकपत्र असतं. तशी मेंटेनन्सच्या बिलांची जबाबदारी माझ्याकडे आली. प्रोग्रॅमसाठी भाषा निवडली गो. 2009 साली गूगलमधून बाहेर आलेली, शिस्तीची. प्रश्न एकच उरला: प्रत्येक फ्लॅटचा हिशेब स्ट्रक्टमध्ये ठेवायचा की मॅपमध्ये?

स्ट्रक्ट म्हणजे रेशनकार्डाचा छापील अर्ज. रकाने आधीच ठरलेले. नसलेला रकाना मागितलात तर कंपायलर खिडकीवरूनच परत पाठवतो. मॅप म्हणजे आजीचा बटवा. कुठल्याही नावाची पुरचुंडी आत टाका, बटवा कुरकुरत नाही.

मी बटवा घेतला, तोही मराठीच्या अभिमानापोटी. गोमध्ये स्ट्रक्टच्या फील्डचं नाव देवनागरीत चालतं, पण त्यात काना, मात्रा, वेलांटी चालत नाही. गो त्यांना अक्षरच मानत नाही. 'थकबाकी'चं 'थकबक' करावं लागलं असतं. मॅपची 'की', म्हणजे पुरचुंडीचं नाव, मात्र साधी स्ट्रिंग. तिला अख्खी बाराखडी चालते.

माहिती भरताना मी लिहिलं 'थकबाकी'. बिलं काढताना घाईत लिहिलं 'थकबाकि'. शाळेत असल्या ऱ्हस्वापायी बाई अर्धा गुण कापायच्या. गोने काहीच कापलं नाही. आकड्यांच्या मॅपकडे नसलेली 'की' मागितली, तर तो 'नाही' म्हणत नाही. अदबीने शून्य काढून देतो. 'की' आहे का, हे जोडीने विचारायची सोय आहे. पण आपण चुकणार हे आधी ठाऊक असेल तर माणूस विचारणार! बेचाळीस फ्लॅट, बेचाळीस शून्यं. तीन वर्षं पैसे न भरलेल्या तळमजल्यावरच्या काकांनी जिन्यात मला मिठी मारली. खजिनदारांना पाणी द्यावं लागलं.

मग हिशेब स्ट्रक्टमध्ये हलवला; रोमन लिपीत, मान खाली घालून. मॅप ठेवला तो फक्त फ्लॅट नंबरावरून हिशेब शोधायला. 'थकबाकी' हा रकाना; 'बी-304' ही माहिती. रकाने स्ट्रक्टचे, माहिती मॅपची, एवढं शहाणपण बेचाळीस शून्यांनी शिकवलं.

थकबाकीदारांची यादी फलकावर लागली. मॅपवरून फिरताना गो क्रम मुद्दाम बदलत राहतो, कोणी त्यावर विसंबू नये म्हणून. सोमवारी काका पहिले, मंगळवारी चक्क सेक्रेटरी.

बुधवारी काकांनी जिन्यात गाठून हळूच विचारलं, "नाव खाली सरकवायचे किती घेता?"

मिठी नाही मारली.