सुई गुडघ्यात, हात खिशात

गुडघा दुखतो म्हणून दुर्बिणीने ‘आतून साफ’ करून घेणारी माणसं आपल्याकडे आजही भेटतात. ह्यूस्टनची हकिकत त्यांना कुणी सांगितलेली नसते. म्हणून आधी ती.

अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात माजी सैनिकांसाठीचं सरकारी रुग्णालय आहे. तिथे गुडघे झिजलेले १८० रुग्ण निवडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले. एका गटाच्या गुडघ्यात दुर्बीण घालून खरवडून सफाई केली. दुसऱ्या गटाचा गुडघा आतून नुसता धुतला. तिसऱ्या गटातल्यांना ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं, गुंगी दिली, गुडघ्याच्या कातडीवर तीन छोटे छेद दिले आणि आत काहीही केलं नाही. सर्जनने नेहमीसारखं एकेक हत्यार मागितलं, पाय वाकवला, फिरवला, धुण्याचा आवाज यावा म्हणून पाणीही उडवलं. खऱ्या ऑपरेशनला लागतो तेवढा वेळ घेतला आणि रुग्णाला रात्रभर ठेवून घेतलं. यात फसवणूक नव्हती. ‘मला नुसतं लुटुपुटीचं ऑपरेशन मिळू शकतं आणि त्याने माझ्या गुडघ्याला फायदा होणार नाही’ असं प्रत्येकाने आधी स्वतःच्या हाताने कागदावर लिहून दिलं होतं. या १८० जणांखेरीज आणखी १४४ जणांनी भाग घ्यायला नकार दिला, तोही मान्य झाला.

दोन वर्षं या लोकांवर लक्ष ठेवलं. खरवडलेले, धुतलेले आणि नुसते छेद दिलेले, तिन्ही गटांचं दुखणं सारखंच राहिलं. हे २००२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं. रुग्ण बहुतेक पुरुष आणि सगळी ऑपरेशनं एकाच सर्जनची, असे आक्षेप निघाले. पण नंतरच्या चाचण्याही त्याच दिशेने गेल्या आणि २०१७ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलेल्या शिफारशीत झिजलेल्या गुडघ्यासाठी ही दुर्बीण वापरू नका, असं स्पष्ट बजावलं. खेळताना मार लागलेला तरुणाचा गुडघा वेगळा. इथे प्रश्न झिजेचा आहे.

झिजेच्या दुखण्याची बाजारात ठरलेली भाषा आहे. ‘गॅप आली.’ ‘गादी झिजली.’ ‘वंगण संपलं.’ एक्स-रे उजेडाला धरून ही तीन वाक्यं उच्चारली की समोरचा माणूस निम्मा घाबरतो आणि उरलेला निम्मा खिशात हात घालतो. वंगण संपलं म्हटलं की कुणालाही ते भरावंसं वाटणारच. मग भरणारे हजर असतातच.

ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांचं पाहा. वर्षानुवर्षं घेणारी माणसं घराघरात आहेत. अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर त्यांची चाचणी झाली. २००६ साली निकाल आला की सगळे रुग्ण मिळून पाहिले, तर या गोळ्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. आता गुडघ्यातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन. एखाद्या वेळी सूज फार असेल तर त्याने थोडे दिवस आराम पडतो, हे मान्य. पण दर तीन महिन्यांनी ते टोचत राहिलं तर? १४० जणांना दोन वर्षं तसं टोचून पाहिलं. मिठाचं पाणी टोचलेल्यांच्या तुलनेत दुखण्यात फरक पडला नाही, कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, मात्र जास्त झिजली. हा निकाल २०१७ सालचा.

सध्या जोर आहे पीआरपीचा. दंडातून रक्त काढायचं, यंत्रात गरागरा फिरवायचं, प्लेटलेट भरपूर असलेला भाग वेगळा काढायचा आणि गुडघ्यात टोचायचा. ‘तुमचंच रक्त आहे, कूर्चा परत वाढते,’ असं सांगून हजारो रुपये घेतले जातात. ऑस्ट्रेलियात ‘रिस्टोर’ नावाने याची चाचणी झाली. २८८ रुग्ण, आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं. रक्त सगळ्यांचंच काढलं, पण निम्म्यांना टोचलं मिठाचं पाणी. रंगावरून कुणाला कळू नये म्हणून सिरिंज झाकून ठेवली. वर्षाने मोजलं तेव्हा शून्य ते दहाच्या पट्टीवर पीआरपीवाल्यांचं दुखणं २.१ अंकांनी उतरलं होतं आणि मिठाचं पाणी मिळालेल्यांचं १.८. एमआरआयमध्ये कूर्चा दोन्हीकडे सारखीच घटलेली. ही चाचणी २०२१ साली छापून आली.

‘पण मला बरं वाटलं होतं’, असं म्हणणारा रुग्ण खोटं बोलत नाही. मिठाच्या पाण्यानेही बरं वाटतंच. गुडघ्याचं दुखणं चढतं-उतरतं, आणि माणूस सुईकडे जातो ते दुखणं चढलेलं असताना. म्हणून तर चिठ्ठ्या टाकून, सिरिंज झाकून चाचण्या कराव्या लागतात.

या चाचण्यांना पैसा कुणी पुरवला, ते पाहा. ह्यूस्टनची, ग्लुकोसामाइनची आणि स्टेरॉइडची चाचणी झाली अमेरिकी सरकारच्या पैशातून, पीआरपीची ऑस्ट्रेलियन सरकारच्या. धंद्याला नको असलेलं उत्तर हवं असेल तर प्रश्न करदात्याच्या पैशातून विचारावा लागतो, नाहीतर तो विचारायला कंपनीला भाग पाडावं लागतं. टोफासिटिनिब या गोळीचंच घ्या. आमवात या दुसऱ्या जातीच्या संधिवातावरची (त्याबद्दल पुढे येईलच) ही गोळी अमेरिकेत २०१२ साली मंजूर झाली, तेव्हा औषध नियामकाने कंपनीला अट घातली की सुरक्षिततेची मोठी चाचणी करून दाखवा. पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या ४,३६२ रुग्णांवर ती झाली. हार्ट अॅटॅक, पक्षाघात यांसारख्या घटना या गोळीवर ३.४ टक्के, जुन्या इंजेक्शनांवर २.५ टक्के. कॅन्सर ४.२ टक्के विरुद्ध २.९ टक्के. अट घातली नसती तर हे आकडे आज कुणापाशी असते? आता ही गोळी आपल्याकडे स्वस्तात मिळते. लिहून देताना वय, विडी-सिगारेट, हृदयाचा इतिहास विचारलाच पाहिजे.

मग झिजलेल्या गुडघ्याला फायदा कशाने होतो? वजन उतरवण्याने आणि मांडीचे स्नायू बळकट करण्याने. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिनातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं की वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. त्यांच्याच ४५४ जणांच्या चाचणीत दीड वर्ष आहार आणि व्यायाम दोन्ही सांभाळणाऱ्यांचं वजन सरासरी साडेदहा किलोंनी उतरलं आणि दुखणं जवळपास निम्म्यावर आलं. सेमाग्लुटाइड या वजन उतरवण्याच्या इंजेक्शनाची गुडघेदुखीवरची चाचणी २०२४ साली छापून आली. त्यातही शंभराच्या पट्टीवर दुखणं औषधाने ४१.७ अंकांनी उतरलं आणि नुसता आहार-व्यायामाचा सल्ला व रिकामं इंजेक्शन मिळालेल्यांचं २७.५ अंकांनी. औषध सरस ठरलं, यात वाद नाही. पण नुसत्या त्या सल्ल्यासाठी आपल्या किती दवाखान्यांत कुणी पाच मिनिटं काढून मांडीचा व्यायाम करून दाखवतं?

आता दुसरा संधिवात. हा झिजेचा नाही. यात शरीराची संरक्षणव्यवस्थाच सांध्यांवर उलटते. आपण त्याला आमवात म्हणतो. पुरुषांपेक्षा बायकांना तो दुपटी-तिपटीने होतो आणि आपल्याकडे घात तिथेच होतो. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही. भाकरी थापता येत नाही, कुकरचं झाकण फिरत नाही, ओले कपडे पिळता येत नाहीत. घरचे म्हणतात, थंडीचं आहे, आंबट बंद कर, वातूळ खाऊ नको. ती दुखणं अंगावर काढते. सांधा वाकडा होईपर्यंत काढते. मला याची चीड येते, कारण या आजारात पहिले काही महिने लाखमोलाचे असतात आणि ते आपण लोणचं बंद करण्यात घालवतो.

भिगवण हे पुणे-सोलापूर रस्त्यावरचं उजनीच्या काठचं गाव. १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी तिथे घरोघर गेले आणि त्यांनी लोकांना दुखण्याबद्दल विचारलं. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्क्यांना, हाडा-सांध्यांची तक्रार होती. आमवात निघाला साधारण दोनशेत एकाला. दवाखान्यात बसून हा आकडा मिळाला नसता, कारण अंगावर काढणारी बाई दवाखान्याच्या केसपेपरवर नसतेच.

आमवातावर औषधं आहेत, चांगली आहेत, आणि सगळी काही महाग नाहीत. ग्लासगोत एका चाचणीत एका गटाला दर महिन्याला बोलावलं. दरवेळी सुजलेले सांधे एकेक करून दाबून मोजले, आकडा खाली आला नसेल तर औषध ठरल्याप्रमाणे वाढवलं. दुसऱ्या गटाला नेहमीसारखं तीन महिन्यांनी. दीड वर्षाने पहिल्या गटातल्या ६५ टक्के लोकांचा आजार शमलेला होता, दुसऱ्यातल्या फक्त १६ टक्के लोकांचा. त्यात नवं महागडं इंजेक्शन नव्हतं. जुनी औषधं, दर महिन्याची भेट आणि मोजणारी बोटं, एवढंच. २००४ सालचा हा निकाल आहे आणि खर्चही फारसा वाढला नव्हता. २०१३ साली ३५३ रुग्णांच्या दुसऱ्या एका चाचणीत मेथोट्रेक्झेट, सल्फासलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या तीन जुन्या स्वस्त गोळ्या एटानरसेप्ट या महाग इंजेक्शनाच्या तोडीस उतरल्या. या चाचणीमागेही मुख्यतः सरकारी पैसाच होता.

मेथोट्रेक्झेटचं नाव काढलं की घरात कुणीतरी मोबाइलवर शोधतं आणि म्हणतं, हे तर कॅन्सरचं औषध. खरं आहे. भीमावरमला जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेला गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतून ते कॅन्सरसाठीच पुढे आलं. पण संधिवातात त्याची मात्रा कितीतरी लहान आणि आठवड्यातून एकदाच. एवढ्या एका भीतीने बंद पडलेल्या उपचारांमुळे किती बोटं वाकडी झाली असतील!

नव्या संशोधनाचा मला आदरच आहे. जर्मनीत एर्लांगेनच्या डॉक्टरांनी ल्युपस (संरक्षणव्यवस्था शरीरावरच उलटण्याचा आणखी एक आजार) आणि तत्सम आजारांच्या १५ रुग्णांना त्यांच्याच पेशी बदलून परत दिल्या. २०२४ साली त्यांनी कळवलं की ल्युपसचे आठही रुग्ण इतर औषधांशिवाय शांत आहेत. त्याच जातीची कार-टी पेशींची पद्धत आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालयाने रक्ताच्या कॅन्सरसाठी इथे उभी केली आहे, ती उद्या ल्युपसलाही उपयोगी पडो. पण या उपचारापर्यंत पोचणारे रुग्ण मूठभर, आणि मेथोट्रेक्झेट वेळेवर न मिळालेले कितीतरी.

आयुर्वेदाबद्दलही बोलायला हवं, कारण रुग्ण तिथे जातातच. चोप्रांच्याच पुढाकाराने गुडघ्याच्या झिजेवर ४४० रुग्णांची चाचणी झाली, २०१३ साली छापली गेली. आयुर्वेदिक औषधं ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब या वेदनाशामकाच्या बरोबरीने उतरली. साखरेच्या गोळीचा गट मात्र त्यात नव्हता, ही माझ्या मते मोठी उणीव. आणि आयुर्वेदिक गटातल्या काही रुग्णांचं यकृताचं एसजीपीटी वाढलं, औषध थांबवल्यावर उतरलं. हे त्यांनी स्वतः लिहून छापलं, म्हणून त्या कामावर माझा विश्वास बसतो. ‘वाताच्या पुड्या’ विकणारा असं काही छापत नाही. अशा पुड्यांत स्टेरॉइड निघाल्याची उदाहरणं नवी नाहीत. तोंड गोल सुजायला लागलं, साखर वाढली, तर पुडी दाखवायला डॉक्टरकडे घेऊन जा. एकदम बंद करू नका, त्यातही धोका आहे.

आपल्याकडेही नेमके प्रश्न विचारणारे आहेत. चंडीगडच्या पीजीआयने विचारलं, मेथोट्रेक्झेटबरोबर फॉलिक अॅसिड आठवड्याला १० मिलिग्रॅम पुरे की ३० हवं? जास्तीचा जास्त फायदा दिसला नाही. चोप्रांनी विचारलं, चिकुनगुनियानंतरच्या सांधेदुखीवर क्लोरोक्विन चालतं का? मेलोक्सिकॅम या साध्या वेदनाशामकापेक्षा ते सरस निघालं नाही. असे प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाने विचारायला हवेत. ज्या पीआरपीवर लोक स्वतःच्या खिशातून एवढा खर्च करताहेत, त्याची आपल्या रुग्णांवर, आपल्या पैशातून मिठाच्या पाण्याशी मोठी तुलना व्हायला हवी. राज्य सरकारला हे अशक्य नाही.

तोवर एवढं करा. कुणी गुडघ्यात सुई घालायला निघालं तर विचारा, याची मिठाच्या पाण्याशी तुलना झाली आहे का आणि काय निघालं? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. घरात कुणाची बोटं रोज सकाळी अर्धा-पाऊण तास वळत नसतील आणि सांधे सुजून सहा आठवडे होत आले असतील, तर त्या व्यक्तीला संधिवाततज्ज्ञाकडे न्या, याच महिन्यात न्या. मेथोट्रेक्झेट सुरू झालं तर गोळ्यांच्या पाकिटावर वार ठळक लिहा. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत.