लाल म्हणजे प्लस

आमच्या हिला मातीची भांडी करायचा नाद लागला, इथपर्यंत घरात शांतता होती. मग मी मदतीला धावलो.

गच्चीवर छोटी विजेची भट्टी आली, तिच्यात के-टाइप थर्मोकपल बसलं, आणि मीटर मात्र मला बेडरूममध्ये, पंख्याखाली लोळता लोळता दिसेल असा हवा होता. मधल्या अंतरासाठी थर्मोकपलचीच वायर लागते असं दुकानदार म्हणाला. पण उभी हयात पर्चेसमध्ये घालवलेला मी तिचा भाव ऐकून नुसताच हसलो, घरी आलो, माळ्यावरून दाराच्या बेलची उरलेली तांब्याची वायर काढली, तिचा धूळखाल्ला गुंता सोडवला आणि दिली जोडून. सकाळी गार भट्टीवर मीटरने तीस अंश दाखवले, भिंतीवरच्या थर्मामीटरनेही तीस. मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं आणि वर चहा मागितला.

पहिली भाजणी १०६० अंशांची. मीटरवर बरोब्बर १०६० दिसताच मी रुबाबात भट्टी बंद केली. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर ग्लेझ ओघळलेलं, कप शेल्फला चिकटलेले, आणि योग्य तापमानाला वाकावा म्हणून आत ठेवलेला मातीचा छोटा सुळका, ज्याला ही 'कोन' म्हणते, तो चक्क साष्टांग नमस्कारात. मी मातीला दोष दिला, मग ग्लेझला, मग व्होल्टेजला.

तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातल्या एका पोराने हसू दाबत समजावलं. थर्मोकपल दोन टोकांच्या तापमानातला फरक मोजतं, अंशामागे जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट, आणि मीटर त्यात स्वतःच्या टर्मिनलचं तापमान मिळवतो. (सीबेकने १८२१ सालीच हा परिणाम पाहिला होता, मला जरा उशीर झाला.) तांब्याच्या वायरीमुळे माझं गार टोक भट्टीला लागून असलेल्या जोडाच्या डबीतच संपलं. तिथे नव्वद अंश, आणि मीटर बिचारा बेडरूमचे तीस मिळवून मोकळा. साठ अंश गायब! सकाळी दोन्हीकडे तीसच होते, म्हणून तर मला चहा मिळाला.

मग निमूटपणे खरी वायर घेतली, अमेरिकन रंगांची, पिवळी-लाल. पोरगा लाल तारेबद्दल काहीतरी सांगत होता, पण मी सुटे पैसे मोजत होतो. घरी येऊन लाल तार दोन्ही टोकांना प्लसला लावली. बॅटरीपासून टॉर्चपर्यंत लाल म्हणजे प्लस, हे काय मला शिकवायचं? सकाळी पुन्हा तीस, पुन्हा चहा.

या खेपेला ही भट्टीच्या भोकाशीच बसली.

"अहो, कोन वाकला."

"शक्यच नाही. मीटर ९४० दाखवतोय."

तिने भट्टी बंद केली. भांडी अप्रतिम निघाली.

अमेरिकन पद्धतीत थर्मोकपलची लाल तार मायनस असते. वायर दोन्हीकडे उलटी जोडली की तो साठचा घोळ दुप्पट होतो. बेलच्या वायरीने मी साठ अंशांनी चुकलो होतो. चांगले पैसे मोजून आणलेल्या वायरीने एकशेवीस.

शेवटी फ्रिजवरचं मॅग्नेट काढून तारांना लावून पाहिलं. के-टाइपची मायनस तार चुंबकाला धरते म्हणे. लाल तार टपकन चिकटली. जोडणी फिरवली, आणि आता मीटर नि कोन यांचं अगदी एकमत असतं. ही अजून भोकातूनच बघते.

"मीटर काढून टाकू का?" मी विचारलं.

"राहू दे हो," ती म्हणाली, "तुम्हाला तेवढाच विरंगुळा."