क्वालिटीतले भाऊसाहेब

नगर जिल्ह्यात घरटी एक भाऊसाहेब सापडतो, तेव्हा हे कुणी अंगावर ओढून घेऊ नये. आमचे भाऊसाहेब सुप्याच्या एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहेत. दिवसभर व्हर्नियर घेऊन लोखंडी चकत्या मोजायच्या आणि माप चुकलं की ‘रिजेक्ट’ म्हणून लाल पेटीत टाकायच्या, हे त्यांचं काम. काम चोख करतात, पण त्यांचा खरा दिवस उजाडतो संध्याकाळी साडेसहाला. नोकरी कशासाठी करायची, तर रात्रीच्या जेवणाला भूक लागावी म्हणून, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे.

या दिवसाची तयारी दुपारी चारला सुरू होते. घरी फोन. “काय बेत?”

घरी म्हणायचं एवढंच. वहिनी झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहेत आणि चार वाजता त्यांच्यापुढे तिसरीची पोरं पाढे म्हणत असतात. “बघू,” म्हणून त्या फोन ठेवतात. तेवढ्या ‘बघू’वर भाऊसाहेब उरलेली पाळी काढतात.

कंपनीच्या बसमध्ये बाकीचे माना टाकून झोपतात. भाऊसाहेब जागे. कामरगावचा घाट उतरेपर्यंत पिठलं घट्ट की पातळ हा विषय संपतो, चास येईतो खर्ड्यात मिरची भाजावी की तळावी हे ठरतं, आणि केडगावला कुणी चहा पाजतो म्हणालं तर ते हात जोडतात. “नको राव, चहानं भूक मरते.” लग्नाच्या पंगतीला जातानासुद्धा ते घरून अर्धी भाकरी खाऊन निघतात. पनीरवर त्यांचा विश्वास नाही.

घरी आले की हातपाय धुऊन ते थेट ओट्यापाशी उभे राहतात. कशाला हात लावायला नव्हे, तपासणीला. ज्वारी जामखेडकडचीच, मालदांडी. पीठ आठवड्याच्या आतलं. जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. गव्हात असतो तसला चिकटपणा ज्वारीत मुळातच नाही, म्हणून ताजं पीठ आणि आधणाचं पाणी, हे ते कुणालाही थांबवून सांगतात. सांगतात ते बरोबरच असतं, हाच त्यांच्यातला त्रास. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या फुले वसुधा आणि फुले रेवती या वाणांवरून त्यांनी एकदा चुलतभावाशी भांडण काढलं होतं. शेती चुलतभावाची, वाणाची निवड भाऊसाहेबांची. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचं वर्ष जाहीर केलं, तो त्यांनी स्वतःचा सत्कार समजून स्वीकारला. पुढच्या वर्षी जिल्ह्याचं नाव बदलून अहिल्यानगर झालं. त्याचं कौतुक त्यांना एवढंच, की अहिल्यादेवींचं जन्मगाव चौंडी जामखेड तालुक्यातलं, म्हणजे ज्वारीच्याच मुलखातलं.

भाकरी तव्यावर पडली की शेरे सुरू होतात. “कड जाड राहिली.” “पापुद्रा अर्धाच सुटला.” “डावीकडे दोन मिलिमीटर जास्त.” वहिनींचं प्रत्येकाला एकच उत्तर असतं, “हं.” तिसरीच्या वर्गावर पंधरा वर्षं काढलेल्या बाईला एका मुलाच्या बडबडीचं काही वाटत नाही. आणि एवढे शेरे मारून झाल्यावर भाऊसाहेब जेवतात कसे? चार भाकऱ्या, पाचवी अर्धी, ताट धुतल्यासारखं लख्ख. त्यांच्याइतका आनंदानं जेवणारा तक्रारखोर मी तरी पाहिला नाही.

या सगळ्याचा कळस म्हणजे बुधवारचे शेंगोळे. ज्यांना माहीत नाहीत त्यांची कीव करून थोडक्यात सांगतो. हुलग्याचं पीठ लसूण, मिरची, जिरं घालून घट्ट मळायचं, तेलाच्या हातानं त्याच्या वळकट्या करायच्या आणि टोकं जुळवून कडी करायची. तिकडे पातेल्यात लसणाच्या फोडणीचं पाणी खळखळत असतं, त्यात एकेक सोडायची. पिठानं पाणी आळत जातं आणि शेवटी रस्सा कुठला नि शेंगोळा कुठला, हे जिभेलाच ठरवावं लागतं. वरून कच्चं तेल, शेजारी फोडलेला कांदा. जगात घोड्याचा खुराक म्हणून ओळखलं जाणारं हे कडधान्य. आमच्याकडे घोड्याला द्यायला उरतच नाही.

शेंगोळ्यात वाईट गोष्ट एकच. ते वळावे लागतात, आणि दिवसभर फळ्यापुढे उभं राहिलेल्या माणसाला वळावे लागतात.

2024 च्या लोकसभेला वहिनींना निवडणुकीची ड्यूटी लागली. प्रशिक्षण आटोपून एका बुधवारी त्या साडेसातला घरी पोचल्या, पीठ मळलं, आणि भाऊसाहेबांनी नेमका तेव्हाच मागच्या आठवड्याचा विषय काढला. “शेंगोळे एका मापाचे नव्हते. लहान विरघळले, मोठे आत कच्चे.” वहिनींनी परात उचलून त्यांच्यापुढे ठेवली. “अहो, मग आजपासून माप तुमचं.” आणि पंख्याखाली जाऊन बसल्या.

पहिले दहा-बारा शेंगोळे भाऊसाहेबांनी स्वतःच रिजेक्ट केले. गोळा पुन्हा मळला, म्हणजे कारखान्याच्या भाषेत रिवर्क. शेवटची कडी पातेल्यात पडली तेव्हा साडेनऊ वाजले होते, पोरं दूध-बिस्किटं खाऊन झोपली होती आणि वहिनींच्या दोन वर्तमानपत्रांतल्या जाहिरातीसुद्धा वाचून झाल्या होत्या. पण शेंगोळे एकसारखे शिजले होते. वहिनी दोनदा वाढून घेऊन जेवल्या. शेरा विचारला तर म्हणाल्या, “बरे आहेत. अक्षर सुधारलं.”

तेव्हापासून बुधवारी चारचा फोन वहिनींकडून येतो. “लसूण संपलाय, येताना आणा. आणि आज उशीर नको.” बसमध्ये भाऊसाहेब आता बुधवारी गप्प असतात. कुणी छेडलं तर उजव्या हाताची बोटं हवेत वळत म्हणतात, “कडी मोठी होतेय जरा, बघतो.” बाकी दिवशी भाकरीवरचे शेरे चालूच आहेत, माणूस काही बुधवारनं सगळा सुधारत नाही.

तुम्हाला त्यांनी बुधवारी जेवायला बोलावलं तर जरूर जा, असे शेंगोळे नगरमध्ये दुसरीकडे मिळायचे नाहीत. फक्त निघताना घरून अर्धी भाकरी खाऊन जा, आणि हौसेनं वळायला बसू नका. परत करतात.