रस्सा मंडळाचा कारभारी

कोल्हापूरच्या समाजजीवनात ‘रस्सा मंडळ’ नावाची एक संस्था आहे. तिला घटना नाही, नोंदणी नाही, तरी श्रावण तोंडावर आला की तिची सर्वसाधारण सभा घाटमाथ्यावर आपोआप भरते. मटण, पातेली आणि माणसे याच अग्रक्रमाने गाडीत भरणारा जो गृहस्थ, तो तिचा ‘कारभारी’ होय.

कारभाऱ्याची लेक न्यूझीलंडला असते; तिथल्या फ्योर्डलँड प्रदेशातील वर्षावने पाहण्यासाठी बिछाना व शेगडी बसवलेली गाडी, म्हणजे कॅम्परव्हॅन, भाड्याने घेण्याची रीत आहे. हिमनदीने कोरलेल्या दरीत समुद्र शिरला की तिला फ्योर्ड म्हणतात. लेकीकडे गेलेला कारभारी मिलफर्ड साउंडचा असा फ्योर्ड पाहून परतला तो ‘आपला गगनबावडाच की!’ हा निष्कर्ष घेऊन. हे मत अगदीच निराधार नाही, कारण समुद्रावरचे ओले वारे डोंगराला अडून पाऊस पाडतात ही क्रिया दोन्हीकडे सारखी असून, तिथल्याप्रमाणे गगनबावड्यासारख्याच सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या आंबोलीतही वर्षाला ६,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सह्याद्रीचे कडे लाव्ह्याच्या थरांचे आहेत, त्यांना हिमनदी ठाऊक नाही, हा फरक कारभारी किरकोळीत काढतो.

त्याची स्वतःची कॅम्परव्हॅन म्हणजे वडापातून, अर्थात माणसे कोंबून चालणाऱ्या खाजगी वाहतुकीतून, निवृत्त झालेली जीप. तीत सिलिंडरची जागा ठरलेली असते, माणसांची नसते. ही जीप राधानगरीला पोचली की तिथल्या धरणाचे ७ स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने उघडतात, हे तो अशा थाटात सांगतो की दाब त्यानेच दिला असावा. १९५८ पासून अभयारण्य असलेल्या दाजीपुरात गवा दिसला नाही, तर ‘त्यानं आपल्याला बघितलं असणार, भावा’ एवढ्यावर तो मंडळाचे समाधान करतो.

गगनबावड्याला, जिथून करूळ घाट कोकणात उतरतो, तिथे धुके इतके दाटते की शेजारचा सभासदही दिसेनासा होतो; तरीही कारभारी पळी रोखून ‘हे कोकण’ असे दाखवतो आणि सर्व जण माना डोलावतात. पुढे धुके क्षणभर फाटते, धबधब्यांसह सारी दरी उघडी पडते, परंतु नेमका त्याच वेळी पांढरा रस्सा वाढला जात असल्यामुळे मंडळाची पाठ दरीकडे असते. परतल्यावर ‘काय बघितलंत?’ असे कोणी विचारलेच, तर कारभारी निःशंकपणे सांगतो, ‘मीठ जरा कमी होतं.’