हरणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही

आमच्या चाळीतल्या एका पोराने रात्री दीड वाजता क्रिप्टोवर रुलेट खेळून चाळीस हजार जिंकले. साइटवर ठळक लिहिलं होतं : केवायसी नाही, कटकट नाही. ईमेल टाका आणि बसा. पोरगा आठ महिने बसला होता. आठ महिन्यांत त्याला कुणी नाव विचारलं नाही की वय विचारलं नाही. तेव्हा तो हरत होता.

चाळीस हजार काढायला गेला आणि साइटला एकदम त्याची ओळख करून घ्यावीशी वाटली. एका हातात आधार, दुसऱ्या हातात आजची तारीख लिहिलेला कागद आणि (तिसऱ्या हाताने) सेल्फी. मग पत्त्याचा पुरावा : तीन महिन्यांच्या आतलं लाइट बिल. बिल आजोबांच्या नावावर, आणि आजोबा जाऊन तीस वर्षं झाली. बिल वेळेवर भरणाऱ्या मयताबद्दल वीजवाल्यांची तक्रार नाही, साइटची आहे.

ही खोड क्रिप्टोची नव्हे. ब्रिटनमधल्या रीतसर परवानाधारक कंपन्याही पैसे घेताना बरेचदा कागद मागत नसत, देताना मागत. इतक्या तक्रारी झाल्या की मे २०१९ पासून तिथल्या जुगार आयोगाने सक्ती केली : वय आणि ओळख डाव लावण्याआधीच तपासा. क्रिप्टोवाल्यांनी त्याच खोडीला ‘गोपनीयता’ असं भारदस्त नाव दिलं.

अशा साइटींच्या तळाशी बारीक अक्षरात बरेचदा कुरासावचा परवाना असतो. व्हेनेझुएलासमोरचं, नेदरलँड्सच्या राजाच्या छत्राखालचं बेट. तिथे वर्षानुवर्षं चारच मूळ परवानेधारक, आणि त्यांनी पोटभाडेकरू ठेवावेत तसे पोटपरवानेवाले ठेवलेले. डिसेंबर २०२४ मध्ये नवा कायदा आला तेव्हा ही पद्धत मोडीत निघाली.

आणि पोराची गोपनीयता? नाणी घेतली इथल्या एक्स्चेंजवर, पॅन देऊन. मार्च २०२३ पासून ही एक्स्चेंज मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आहेत. तिथून साइटकडे गेलेल्या नाण्यांची नोंद ब्लॉकचेनवर, चावडीवरच्या नोटिशीसारखी. फक्त पावसाने ही शाई फुटत नाही. सरकार माग काढू शकतं, साइटकडे आधार गेलंच आहे. नाव झाकलेलं राहिलं ते एकट्या मालकाचं.

कल्याणजी भगतांनी १९६२ साली मटका सुरू केला. चिठ्ठीवर आकडा आणि रक्कम, नावाचा पत्ता नाही. त्याची आरती मी ओवाळणार नाही. गिरणगावातले कित्येक पगार त्याने गिळले. पण बुकी कुठल्या खोलीत राहतो हे निदान ठाऊक असायचं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. म्हणजे पोराने पोलिसांत जायला हरकत नाही. चालवणारा कोण, एवढंच सांगावं लागेल.

सध्या तो आजोबांचा मृत्यूचा दाखला शोधतोय. जिंकलेले पैसे खात्यात दिसतात. काढता येत नाहीत, लावता येतात. काल जिन्यात भेटला तेव्हा विचारलं, “किती उरले रे?”

“एकोणीस.”