औंधाला जायचं ठरतंय

भाटघरला पाहुणा आला की त्याला धरण दाखवायचं, हे आमच्याकडे चहाइतकंच ठरलेलं. पावसाळ्यात स्वयंचलित दरवाजे उघडले की पुण्याहून गाड्यांची रीघ लागते. भाजलेली कणसं खाऊन, फोटो काढून, भिजून मंडळी परत जातात. पण या भागातली खरी बघण्यासारखी गोष्ट पाण्याच्या पोटात आहे. वेळवंड खोऱ्यातलं कांबरेश्वराचं जुनं देऊळ उन्हाळ्यात जलाशय आटला की वर येतं आणि पाऊस लागला की पुन्हा बुडी मारतं. ते कधी उघडणार आणि कधी बंद होणार, हे पाटबंधारे खातं आणि वरुणराजा मिळून ठरवतात. अशा मुलखात वाढलेल्या माणसाला 'संग्रहालय दर मंगळवारी बंद' या पाटीचं काय भय वाटणार?

ती पाटी पॅरिसच्या लूव्रची. माझी पुतणी तिथे जाऊन आली. तिने मला फोनवर अर्धा तास चित्रांबद्दल नव्हे, तिकिटाबद्दल सांगितलं. वेळ आधी ठरवून घ्यावी लागते, कुठल्या दारातून शिरायचं ते पाठ करावं लागतं, पायांत जुने बूट हवेत. आत सुमारे 35,000 वस्तू मांडलेल्या. आणि हे सगळं ज्या मोनालिसासाठी, ती जेमतेम 77 बाय 53 सेंटीमीटर! "काका, समोर एवढी डोकी होती की ती मला दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये जास्त नीट दिसली."

त्याच संध्याकाळी मी घरात जाहीर केलं की आपण औंधाला जायचं.

"औंधाला? त्या ट्रॅफिकमध्ये?" बायको म्हणाली.

पुण्याच्या औंधाने सातारच्या औंधाचा असा घात केला आहे. खरं औंध खटाव तालुक्यात, यमाईच्या डोंगरापाशी. तिथे 1938 साली बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी श्री भवानी संग्रहालय उभं केलं. राजेलोक शिकार करत, विलायतेला जात, कर्ज काढत. हा राजा सूर्यनमस्कार घालायचा, कीर्तन करायचा, स्वतः चित्रं काढायचा आणि चित्रकार पोसायचा. 1939 साली तर त्याने प्रजेला राज्यकारभारच देऊन टाकला. संग्रहालयात रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, पहाडी शैलीतली किरातार्जुनीयाची चित्रमाला आहे. आणि या सगळ्यांत, लंडन-न्यूयॉर्कच्या लोकांनी तिकीट काढून बघावं असं हेन्री मूरचं शिल्प, 'माता आणि बालक'. खटाव तालुक्यात हेन्री मूर! जत्रेत मामा भेटावा तसा हा माणूस तिथे भेटतो.

शिवाय भोरच्या पंतसचिवांच्या मुलखातून औंधच्या पंतप्रतिनिधींच्या मुलखात जायचं म्हणजे जुन्या दरबारातलंच येणं-जाणं. दोन्ही संस्थानं 1948 साली विलीन झाली, त्यामुळे आता नजराणा न्यावा लागत नाही. डबा मात्र न्यावा लागतो.

माझा बेत साधा होता. सकाळी निघायचं, पाच-सहा चित्रं आणि ते शिल्प, एवढंच निवांत बघायचं, बाकीचं खुशाल सोडून द्यायचं. कुठल्याही संग्रहालयात तासाभराने माणसाचे डोळे उघडे राहतात, पण बघणं बंद होतं. पुढच्या दालनांत तो फक्त पाट्या वाचतो आणि बाकडं शोधतो.

पण घरात बेत सांगितला की तो आपला राहत नाही. बायको म्हणाली, कापूरहोळवरून जातोच आहोत तर केतकावळ्याचा बालाजी करू, वाकडी वाट फार नाही. आत्या म्हणाली, औंधापर्यंत जाऊन यमाईची ओटी न भरता परत यायचं म्हणजे काय, खण-नारळ मी घेते. वहिनींनी गोंदवल्याचा प्रसाद काढला; तो दुपारी असतो, म्हणजे तिथे वेळेवर पोचायला हवं. मुलाने शिखर शिंगणापूर नकाशात बोटाने ओढून जवळ आणलं. येताना साताऱ्याला कंदी पेढे, हा ठराव बिनविरोध मंजूर झाला. मग धाकट्या भावाने कागदावर वेळा मांडल्या. कुठे तास, कुठे दीड तास. पेढ्यांना अर्धा. शेवटी म्हणाला, "संग्रहालयाला वीस मिनिटं निघतात. धावत बघितलं तर होईल."

भावाचं भोरला भांड्यांचं दुकान आहे, हे इथे सांगायला हवं. त्याच्या मते एवढ्या लांब जायची गरजच नाही, पुण्यात बाजीराव रस्त्याजवळ केळकर संग्रहालय आहे की. आहेच, आणि मोठंच आहे. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वज्र्या, कुलपं, स्वयंपाकाची भांडी जमवली आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं. मी भावाला तिथे नेलं होतं. एका मोराच्या अडकित्त्यापाशी मी रेंगाळत होतो. कारागिराने सुपारी फोडायच्या कामात मोर कशाला आणला असेल, याचा विचार चालला होता. भाऊ तोवर समया बघून आला होता. "पितळ चांगलं आहे. सात किलोच्या खाली एकही नाही," म्हणाला. काचेआडूनही त्याचा तराजू चालतो. खोटं कशाला बोला, त्याने माझ्यापेक्षा जास्त वस्तू नीट पाहिल्या होत्या.

आता अडलंय ते वारावर. दुकान सोमवारी बंद. आपल्याकडची संग्रहालयंही बहुधा सोमवारीच सुट्टी घेतात. रविवारी गिऱ्हाईक, गुरुवारी वहिनींचा उपास, शनिवारी मुलाचा क्लास. बुधवार म्हटलं तर भाऊ म्हणतो, ऐन लग्नसराईत दुकान बंद ठेवू?

या वादात आत्या बराच वेळ गप्प होती. मग मला म्हणाली, "तो इंग्रज कोण म्हणालास, त्याने केलेली ती आई. तिच्या कडेवर मुलगा आहे की मुलगी?"

मी म्हटलं, "आत्या, तसं काही कळावं म्हणून त्याने केलेलं नाही ते."

"बघितल्याशिवाय तू कसं सांगतोस?" असं म्हणून ती भावाकडे वळली. "बुधवारी कुलूप लाव दुकानाला. तुझ्या मागच्या फळीवर ती तांब्याची घंगाळं माझ्या लग्नापासून पडून आहेत. एक दिवस लोकांना बाहेरून फुकट बघू दे."